चिमीचं स्थळ

४ नोव्हें.
तुळशीचं लग्न झालं, म्हटलं चिमीचंही उरकून टाकू. तीन वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकटी क्लाउनफिश, बघवत नव्हतं. आज राया आणला. दुकानदार म्हणाला, "काका, घरातली केवढी आहे?" मी म्हटलं, "बारीक आहे. नवरा तिच्याहून थोराडच दे." तो पुढं काही सांगत होता, पण रिक्षा उभी होती.

५ नोव्हें.
वाट लागली. रायाने चिमीला टाकीतल्या तिच्याच मडक्यातून हाकललं. शेपटीची झालर फाटली. कोपऱ्यात काचेला चिकटून बसलीय, खात नाही. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन राया बाहेर काढला. लादीभर पाणी, सौ. घसरता घसरता वाचली. "लगीन लावलंत का कुस्ती?"

संध्या.
राया परत केला. दुकानदाराने कपाळाला हात लावला. "काका, हे सगळे नरच जन्मतात. त्यातला मोठा असतो तो मादी होतो. नवरा नेहमी छोटा. तुम्ही एका घरात दोन सासवा नेऊन ठेवल्या!"
घरी येऊन सांगितलं. सौ. माझ्याहून चार बोटं उंच. पोट धरून हसली. "मना इचारायचं ना! आपल्या लग्नात तुमची आयस काय बोललेली? पोरगी लांब हाय, पोऱ्याला शोभंल का? तुमी पन आयसवरच गेलात."

९ नोव्हें.
चिमी खायला लागली. झालर फाटकीच. पण चैन पडेना, दुसरा आणला. नखाएवढा. नाव नाही ठेवलं, आधी जगू दे. भोकांच्या डब्यात घालून टाकीतच टांगलाय. चिमी डब्याला धडका देते. हा मेला तर माझ्याच हट्टापायी.

१३ नोव्हें.
धडका थांबल्या. सकाळी डबा काढला. चिमी धावून गेली. छोटा आडवा होऊन नुसता थरथरायला लागला. दुकानदाराला फोन. "आजारी नाही काका, नमतं घेतोय. तू मोठी, असं सांगतोय तिला."
सौ. म्हणाली, "शिका जरा."
दुपारी परत धावली. पुन्हा थरथर. उद्या जासईला भाचीचं लग्न. परत डब्यात घालावा तर छोटा दगडामागे शिरलाय, हाताला लागत नाही.

१४ नोव्हें., जासई
मांडवात बसून लिहितोय. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, त्वांड का उतारलंय?" सौ.च बोलली, "नवा घरजावई हाय. जीव त्याच्यात अडाकलाय."
किल्ली शेजारच्या वहिनींकडे. आत्ता त्यांचा फोन. "एकच दिसतोय भाऊजी. मोठा. मडक्याच्या तोंडाशी उभाय."
"आणि छोटा?"
"दगडामागं नाय. वर तरंगत बी नाय. मडक्यात अंधार हाय, काय दिसत नाय."
मडक्यात ती कुणाला शिरू देत नाही. दिलं असेल तर जमलं. आणि नसेल तर...
सौ. समोर उभी आहे, पायात चपला. "उठा. जेवान बांधून घेतलंय."