चतुरांचं आडनाव

प्रिय भिंगरी,

तुझा फोन ठेवल्यापासून माझं कशात लक्ष नाही. दूध उतू गेलं. तुझ्या आजोबांनी ओटा पुसला आणि वर विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, फार बरं वाटतंय, तीच तर पंचाईत आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहायला बसले. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चालवून घे.

त्या दिवशी तुझ्या संग्रहालयात आले तेव्हा, खरं सांगते, मनात म्हटलं, एवढं शिकून पोरगी मेलेल्या किड्यांची राखण करते! खणांमागून खण, त्यांत कागदाची त्रिकोणी पाकिटं आणि आत सुकलेले तपकिरी चतुर. मेल्यावर रंग उडतो म्हणालीस. म्हटलं, आमचाही उडतो. मग तू एक पंख भिंगाखाली ठेवलास आणि माझी मान धरून डोळा लावून दिलास. अगं बाई! जन्मभर हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री केली, कापडाची वीण मला कुणी शिकवू नये. पण अशी वीण? एक धागा उगाच नाही, एक घर चुकलेलं नाही. आणि एवढा थाट कुणासाठी? सदा ओल्या, गच्च जंगलात ओढ्यावर उन्हाची तिरीप पडते, तेवढ्यात तो उडून घेतो. बघायला कुणी नाही. माणूस नव्हता तेव्हापासून हे चाललंय म्हणालीस. मी गप्प झाले होते, हे आजोबांना अजून खरं वाटत नाही.

तुझा हा चतुर कितीतरी वर्षं भलत्याच घराण्याच्या खणात पडून होता. कुणीतरी घाईत चिठ्ठी लावली, पुढच्यांनी चिठ्ठी वाचली, पंख वाचायचे राहून गेले. तू वाचलेस. पंखाच्या मुळाशी एक शीर वेगळी दिसली, मग तपासायला त्याचा एक पाय काढलास (केलास ना लंगडा बिचाऱ्याला!), मग तसेच त्याचे आणखी भाऊबंद सापडले. म्हणून आता नवी प्रजाती. प्रजाती म्हणजे आडनावासारखं, आजी, फोनवर म्हणालीस, आणि तिला मी तुझं नाव देणार. जन्मभर नवऱ्याचं आडनाव वागवलं, आता माझं नावच आडनाव होणार, आणि तेही उडणाऱ्यांचं!

तुझ्या लोकांचे नियमही मला पटले. एका नावाच्या दोन नकोत. आधीचं नाव तेच खरं. एकदा छापलं की मनाला आलं म्हणून बदलायचं नाही.

तिथंच गाडी अडलीये. धुलाईघरात लागले तेव्हा मुकादमीणबाईंचं आणि माझं नाव एकच निघालं. बाई म्हणाल्या, माझ्या नावाची दुसरी इथं नको, हाक कुणाला आणि ओ कुणाची! एक बाई नुकतीच काम सोडून गेली होती, तिचा बिल्ला खुंटीला लटकत होता. तो काढून माझ्या छातीवर लावला. झालं. तुझ्या आजोबांनी मागणी घातली ती त्या बिल्ल्याला. सही शिकले तीही त्याच नावाची. तेव्हापासून सगळेच चिठ्ठी वाचत आले. रडगाणं गात नाहीये. नाव चांगलं निघालं, धुण्यातही विटलं नाही. पण ते त्या बाईचं. ती कोण, कुठं गेली, देव जाणे.

तेव्हा सोमवारी लेख छापायला धाडायच्या आधी थांब. माझ्या आईनं ठेवलेलं नाव वेगळं आहे. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही. आजोबांना ठाऊक नाही, त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते मी कधी लिहिलेलंही नाही, म्हणून इथं वेडंवाकडं लिहून बिघडवत नाही. रविवारी ये. मी सांगते, तू नीट लिहून घे. आणि छापायला देण्याआधी एकदा मला त्या नावानं हाक मार. ओ देता येते का बघते.

तुझीच,
(बिल्ल्यावरचं नाव या खेपेला लिहीत नाही)
आजी