ओबोचा सूर

स्टॉकहोम, मार्च १९५७

प्रिय आई,

तुझा कडक पाव पोचला. दुधात भिजवून खातो, छान लागतो. बाबांचा खोकला कसा आहे?

इथल्याच एका तरुणानं पाच फुंकवाद्यांसाठी रचलेलं नवं पंचक आम्ही रविवारी रेडिओवर वाजवणार आहोत. माझा पुढचा दात जरा हलतोय, इतकंच.

आधी सूर माझ्या ओबोनं द्यायचा, बाकीच्यांनी आपली वाद्यं त्यावर जुळवायची, हे तुला ठाऊकच आहे. आज ओबोची पत्ती ओठांत दाबली की मागचा दात हलायचा, आणि मी दिलेला सूर थरथरला. बासरीवाली गुनवोर म्हणाली, "एव्हर्ट, तू जरा दम खा हं." मग सगळ्यांनी क्लॅरिनेटवरून सूर घेतला. मीसुद्धा घेतला.

आई, मला दुसरं काहीच येत नाही गं.

रविवारी शेजाऱ्यांना रेडिओ ऐकायला बोलावू नकोस.

तुझाच,
एव्हर्ट