टुंडेचे केस

२ मार्च, रविवार. ईलिंग
आमची लेक पूर्वी टुंडेला जेवायला घेऊन आली. ऑगस्टमध्ये लग्न करायचं म्हणतात. मुलगा सॉलिसिटर, आईवडील नायजेरियाचे. थालीपीठं मागून घेतली. माझी काहीच हरकत नाही. फक्त केस. बारीक कुरळे, पण कपाळावरून पार मागे गेलेत. फोटो आयुष्यभर राहतात. हेअर ट्रान्सप्लान्टचं मीच बघतो. बायको, मंजिरी, म्हणाली, आधी स्वतःचं टक्कल बघा. विषय बदलायची तिची सवय जुनीच.

११ मार्च
एका क्लिनिकला फोन. आफ्रो केस म्हटल्यावर रिसेप्शनिस्ट म्हणाली, आम्ही ते करत नाही. का? केस म्हणजे केस.

१९ मार्च
दुसरीकडेही तेच. म्हणे या केसांची मुळं कातडीखालीसुद्धा वळलेली असतात, काढताना तुटतात. व्रण वाढायची भीती वेगळी. मी म्हटलं, मग सावकाश काढा. फोन कट. या देशात काम करायची कुणाला इच्छाच नाही.

२८ मार्च
अशा केसांची स्पेशालिस्ट मिळाली. टुंडेला नाजूकपणे मेसेज केला: केसांच्या डॉक्टरकडे जायचंय, येशील का? पूर्वीला सांगू नकोस. लगेच उत्तर: ऑफ कोर्स अंकल, सुट्टी घेतो. बिचारा कुणी विचारायचीच वाट बघत होता.

९ एप्रिल
डॉक्टरबाईंनी थेट माझ्या डोक्यावर दिवा धरला. म्हटलं, पेशंट हा. टुंडे म्हणाला, अंकल, मी तर तुमच्या सोबतीला आलोय. मग त्याला समजावलं. फोटो, नातेवाईक वगैरे. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, माझे डॅडही असेच दिसतात, मला चालतं. तरी मी ऑगस्टपर्यंत होईल का, विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, आधी थोडेच केस लावून बघावे लागतात, रिझल्ट कळायला वर्ष जातं. आणि तुमच्या डोक्यावर मागून काढून पुढे लावण्याजोगे केसच उरलेले नाहीत. हे मी विचारलं नव्हतं.
येताना ट्यूब ट्रेनमध्ये टुंडे सारखा फोनवर काहीतरी टाइप करत होता, पूर्वीलाच असणार. लग्न मोडलं तर मंजिरीला काय सांगू?

१३ एप्रिल
पूर्वीचा फोन. उचलायची हिंमत नव्हती, मंजिरीने हातात दिला. पूर्वी रडत होती. टुंडेने तिला सांगितलंय की बाबा स्वतःच्या केसांसाठी गेले होते, डॉक्टर नाही म्हणाल्यावर फार खचले, तू जपून बोल. बस, एवढंच सांगितलंय. बाबा, तू आहेस तसाच छान दिसतोस, म्हणाली.
खरं काय ते सांगायला तोंड उघडलं.
थँक्यू गं, म्हणालो.