पहिल्या रिंगला

३ मार्च, सकाळी ७
ही लेकीला घेऊन भावाच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेली, त्याला सव्वा महिना झाला. राग ओसरला की येईलच. माझा फोन उचलत नाही. हरकत नाही, मी इंजिनिअर माणूस. योजना अशी: इंटरनेटवरून फोन लागतो तसाच कॉल लावायचा, तिकडे रिंग वाजणार, कोणीतरी उचलणार. पण उचलल्यावर आवाजाऐवजी फाइली जाणार. बोलणं नाही, म्हणजे भांडणही नाही.

९ मार्च
कॉल घेऊन फाइली साठवणारा डबा तयार. स्वतः जाऊन तिथल्या राउटरला जोडला. लेकीच्या अभ्यासाच्या फाइलींसाठी, असं सांगितलं. मेहुणा म्हणाला, बसवा, पण चहा टाकलेला नाही. ही आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. लेक आली, हिरवा दिवा बघून हसली. फाइली कशा उघडायच्या ते तिला दाखवलं. टेस्टिंगपुरता, कॉल आपोआप उचलणारा ऑटो-आन्सर चालू ठेवलाय. नंतर काढायचा.

१० मार्च
कॉल लावला. पहिल्या रिंगला उचलला! ही स्वतःच्या आईचा फोनसुद्धा इतक्या लवकर घेत नाही. आम्हा तिघांचे जुने फोटो पाठवले.

१४ मार्च
रोज पहिल्या रिंगला. बर्फ वितळतोय. आज माफीचं पत्र पाठवलं. दोन पानी. पहिल्या पानावर तिच्या चुका, दुसऱ्यावर माझ्या. पूर्ण पोचलं. उत्तर नाही. विचार करत असणार.

२२ मार्च
उद्यापासून रोज दाढी. हिची उशी उन्हात घातली.

२९ मार्च, दुपारी
नवं पत्र. या वेळी फक्त माझ्या चुका. सात पानं झाली. लिहिताना डोळ्यांतून पाणी. सर्दी असावी. पहिल्या रिंगला उचललं. रविवारी दोघींना घ्यायला जातोच.

४ एप्रिल, रविवार
दार अनोळखी बाईंनी उघडलं. म्हणाल्या, आधीचे लोक तेरा मार्चलाच गेले, नवा पत्ता ठेवला नाही. राउटर घरमालकांचा म्हणून राहिला, त्याच्याबरोबर हा डबाही. तुमचा का? दिवा सारखा लुकलुकतो, म्हणून वर टॉवेल टाकलाय.
टॉवेल घडी करून परत दिला.

५ एप्रिल
डबा घरी आणून तपासला. ऑटो-आन्सर काढायचा राहूनच गेला होता. सगळ्या फाइली पोचल्यात. उघडलेली एकच, फोटोंची. अकरा मार्च, दुपारी चार. लेकीची शाळा सुटायची वेळ.
ऑटो-आन्सर काढला. सवयीने कॉल लावला. डबा माझ्याच टेबलावर वाजत राहिला. कोणी उचलला नाही.