लाल दिवा लागल्यावर

आई,

तुला गाढ झोप लागली होती, म्हणून न उठवता ऑफिसला निघाले.

गॅरेजमधून मल्लाप्पांचा फोन आला. मागच्या चाकापाशी ब्रेकची नळी फुटली होती, ब्रेक ऑइल जवळजवळ संपलं होतं. नुसता पिवळा एबीएसचा किंवा घसरत्या गाडीच्या चित्राचा दिवा असता, तर साधे ब्रेक लागले असते, सावकाश घरी येता आलं असतं. पण सोबत ब्रेकचा लाल दिवा लागला की गाडी जागीच थांबवायची. बाबा गेल्यावर काल तू पहिल्यांदा मला आणि मामाला घेऊन होसकोटेपर्यंत गाडी नेलीस आणि येताना नेमकं तेच केलंस.

दिवा जातो का म्हणून मामाने हँडब्रेक वरखाली करून पाहिला, मग टपरीवरून लिंबू आणून चाकाखाली ठेवलं. "अक्का, दृष्ट गेली. स्वल्प सावकाश चल." तू किल्ली काढून घेतलीस. "लिंबाने दिवा विझू दे, मग चालवते."

मग तो म्हणाला, भावोजी असते तर अशी रस्त्यात उभी केली नसती.

ते खरंच आहे, आई. बाबांनी गाडी दामटली असती. आणि आपण तिघंही आत असतो.

गाडी विकायला मामा आज कागद मागायला येईल. काल तू त्याला हो म्हणालीस, ते मी ऐकलं. देऊ नकोस. संध्याकाळपर्यंत गाडी दुरुस्त होईल; रिक्षाने गॅरेजला ये, मी परस्पर तिथे पोचते. घरी येताना तू चालव. मी शेजारी बसेन.

आसावरी