आसनाखालचा कोल्हा

मी, गुलाबराव मारोती गजभिये, वय ७४, रेल्वेतून निवृत्त सुतार, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, तथागतांना वंदन करून लिहितो की माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, म्हणून अक्षराला हसू नये. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारी एकटी शांता, माझी पत्नी. तिला जाऊन वर्ष झाले.

१. घर मुलगी चेतना व मुलगा प्रफुल्ल यांना निम्मे निम्मे.

२. रंधे, करवती, पटाश्या माझे जुने सोबती सुशील मेश्राम यांना. प्रफुल्लला पटाशी कुठून धरतात तेही ठाऊक नाही.

३. स्वयंपाकघरातले सागवानी आसन. याविषयी सविस्तर लिहितो.

२०१३ साली चेतनाने मला इंग्लंडला तिच्या घरी नेले. तिथल्या गावच्या चर्चमध्ये सहाशे वर्षांपूर्वीची ओकची आसने आहेत. बिजागरीवरचे आसन वर उचलले की खाली एक छोटी कड दिसते. प्रार्थनेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या साधूंनी तिच्यावर हळूच टेकावे. त्या आसनाच्या नावाचा अर्थच 'दया' आहे, असे चेतना म्हणाली. कडेखाली सुतारांनी मनातले सगळे कोरले आहे: नवऱ्याला बदडणारी बायको, झगा घालून हंसांना उपदेश करणारा कोल्हा. पुढे धर्माच्या भांडणात तिथल्या मूर्तींची डोकी फोडली गेली. आसनाखाली कोणी वाकून पाहिले नाही, म्हणून तेवढे वाचले.

परतल्यावर शांताच्या गुडघ्यांसाठी तसेच आसन करायला घेतले. त्याच महिन्यात नवा रायपूरला प्रफुल्लच्या क्वार्टरचे दार बसवत होतो. त्याचे साहेब आले. तो त्यांना म्हणाला, "मिस्त्री है, दरवाज़ा ठीक करने आया है." 'माझा बाप आहे' असे म्हणाला नाही. मी घरी येऊन आसनाखाली कोल्हा कोरला. प्रफुल्लच्या डाव्या कानाचा तुकडा लहानपणी तुटला होता, कोल्ह्याचा कानही मुद्दाम तसाच तुटका दाखवला. तेव्हापासून प्रफुल्लला घरात येऊ दिले नाही. शांता म्हणायची, "काहून इतकं मनाले लावून घेता जी? मिस्त्रीच त आहा तुमी."

ती गेल्यावर पॉलिशसाठी आसन उलटे केले. सगळे लाकूड कोरडे, कोल्ह्याचे डोके तेवढे काळे, गुळगुळीत. वास घेतला, तर खोबरेल. चार वर्षे ती त्या तुटक्या कानाच्या डोक्याला तेल लावत होती. मी रडलो, हे लिहून ठेवतो.

आसन प्रफुल्लला. कोणी केले असे साहेबांनी विचारले, तर तोच शब्द सांगावा.

याची प्रत आजच त्याला पाठवत आहे. माझ्या मरणाची वाट न पाहता आसन न्यायला यावे. कडी आतून लावणार नाही.

दोघांसमक्ष सही केली, त्यांनी माझ्यासमक्ष.
साक्षीदार: प्रेमला डोंगरे, दयाराम वासनिक
रायपूर, ११ नोव्हेंबर २०१८

गुलाबराव मारोती गजभिये,
मिस्त्री