चिठ्ठ्या सुटलेल्या काचपट्ट्या

सोमवार, १२ जानेवारी १९७६
शुक्रवार पेठ, संध्याकाळ

आज प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूच्या सहा काचपट्ट्या पुसताना नर-मादी लिहिलेल्या चिठ्ठ्या सुटल्या. चूक माझीच. वीस वर्षं इथं मदतनीस म्हणून मेंदूचे हे पातळ काप कापतोय. वाटलं, घरची म्हैस काय अंधारात ओळखू येत नाही? सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हार्मोन पाझरणाऱ्या त्या जांभळ्या पेशी, मधोमध काळा ठिपका. जणू डोळेच, माझ्याकडे बघणारे. टपोरे ते मादीचे, बारीक ते नराचे, असं म्हणत चिठ्ठ्या परत डकवल्या.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. बाई कसल्या, पोरच; तिचा सारा प्रबंध नर-मादीच्या पेशींतल्या या एका फरकावर. बघताच टाळी वाजवली. "मामा, फरक दिसतोय की! लई स्पष्ट!"

हा फरक उंदरांचा, की माझ्या मनातला? तेच डोळे आता तिच्याकडे बघत होते.

झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी का? नाही राहवलं. "बाई, चिठ्ठ्या मी अंदाजानं लावल्यात. खरं कुठलं काय, मला ठाऊक न्हाय."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पुन्हा डोळा लावला आणि हळूच म्हणाली, "मामा, मला तो फरक अजून दिसतोय."

मग सहाही काचपट्ट्या तिनं मला फोडायला लावल्या. उद्यापासून नवे काप. फोडताना मी खाली त्या जांभळ्या डोळ्यांकडे बघितलं नाही. तिनंही नाही.